श्यामेन : बाजार आणि बाजाररस्ते

श्यामेन (जुने नाव अमॉय). चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील फूच्येन प्रांतातले बंदर. जुने शहर एका बेटावर वसलेले आहे. 1842 च्या नानकिंग तहाने चीनला जी पाच बंदरे परकी व्यापाराला खुली करावी लागली, त्यांत हे एक. 1980 साली चीनने पहिली चार विशेष आर्थिक क्षेत्रे आखली, त्यांतही हे एक. तहानंतरच्या शंभर वर्षांत इथून लाखो माणसे मलाया, फिलिपीन्स, जावा इकडे पोटासाठी गेली. श्यामेनचा बाजार समजून घ्यायचा तर आधी ही ये-जा ध्यानात घ्यावी लागते. गेलेल्यांनी पैसा पाठवला, परतलेल्यांनी चवी आणल्या आणि घरे कशी बांधायची याच्या कल्पनाही आणल्या.

पैसा पत्रांतून येई. खुशालीचे चार शब्द आणि सोबत रक्कम अशा या पत्रांना ‘छ्याव-फी’ म्हणतात. 2013 साली युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतिनोंदीत दखल घेतली. शहराचा मुख्य बाजाररस्ता, चुंगशान मार्ग, 1920 च्या दशकातल्या नगरसुधारणेत आकाराला आला, त्यामागेही परदेशस्थ चिन्यांचे भांडवल होते. रस्त्याला नाव चिनी क्रांतिकारी नेते सन यत्-सेन यांचे. चीनमध्ये ते सुन चुंगशान म्हणून ओळखले जातात. सुमारे 1.2 किलोमीटरचा हा रस्ता पश्चिमेला थेट धक्क्यापाशी संपतो आणि समोर कुलांगयू बेट दिसते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘छीलौ’ पद्धतीच्या इमारती आहेत. शब्दाचा अर्थ ‘स्वार झालेली इमारत’. तळमजल्यावरचे दुकान आत सरकवलेले, वरचे मजले खांबांच्या आधाराने फुटपाथवर आलेले. त्यामुळे पादचारी सलग ओसरीतून चालतो. वादळी पावसात आणि जुलैच्या उन्हात या ओसरीची किंमत कळते. स्थानिक मिन्नान बोलीत तिला ‘गो-खा-की’ म्हणतात, म्हणजे पाच फुटी. यातला ‘खा-की’ मलय ‘काकी’वरून आला (मलय भाषेत काकी म्हणजे पाऊल, आपल्या काकीचा इथे काही संबंध नाही). सिंगापूरच्या 1822 च्या नगरआराखड्यात ब्रिटिश प्रशासक रॅफल्सने घरांपुढे ठरावीक रुंदीची झाकलेली वाट सक्तीची केली होती. त्या वाटेवर दुकाने थाटलेल्यांनी तो शब्द आणि तशी ओसरी दोन्ही घरी आणली.

आज चुंगशान मार्ग बराचसा पर्यटकांचा झाला आहे. मुगाच्या सारणाच्या पेस्ट्री, सुकी मासळी, मोत्यांचे दागिने आणि देशभर सगळीकडे दिसणारी तीच ती ब्रँडची दुकाने. भुईमुगाच्या गोड सूपचे जुने दुकान अजून चालते. दाणे इतके शिजवलेले असतात की जिभेने दाबले तरी विरघळतात. बाकी रस्ता संध्याकाळी दिव्यांत पाहावा आणि खरेदीसाठी मागच्या गल्ल्यांत शिरावे.

तिथून उत्तरेला थोडे चालले की ‘पा-शी’, म्हणजे आठवा बाजार. 1930 च्या दशकात पालिकेने मंडयांना क्रमांक दिले होते. लोकांच्या तोंडी टिकला तो आठवाच. हा एका छपराखालचा बाजार नाही. कायहे, यिंगफिंग अशा अरुंद रस्त्यांवर दुतर्फा टोपल्या, टब आणि फळ्या मांडलेल्या असतात, आणि मधून माणसांसकट विजेच्या दुचाक्या वाट काढतात. टबांत हवेच्या नळ्या सोडलेल्या असतात, कारण इथे मासा जिवंत असेल तरच ‘ताजा’. खेकडे जाड दोरीने बांधलेले असतात; दोरी ओली असते आणि वजनात धरली जाते, याची जाण ठेवावी. कोपऱ्याकोपऱ्यावर बायका ठेंगण्या स्टुलांवर बसून कालवे फोडत असतात: छोटे आकडीसारखे हत्यार शिंपल्याच्या फटीत, मनगटाला एक हिसका, गर वाडग्यात, शिंपला मागे ढिगावर. बोलणे चालूच असते आणि नजर क्वचितच हाताकडे जाते. हीच कालवे पुढे रताळ्याच्या पिठात, लसणाच्या पातीसह, अंडे फोडून तव्यावर खरपूस होतात.

मराठी माणसाला ओळखीचे चेहरेही भेटतात. पापलेट आहे, घोळीच्या कुळातला पिवळा मासा आहे आणि चक्क बोंबीलही. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर त्याला ‘तोफू-मासा’ म्हणतात. ओला बोंबील हातात धरून पाहिलेल्याला या नावाचा खुलासा नको. अनोळखी पदार्थांत ‘थू-सुन-तुंग’ येतो: चिखलात राहणारे कृमी उकळून त्यांच्याच चिकाने वाटीत थिजवलेली पारदर्शक जेली, व्हिनेगर-लसणाबरोबर खायची. चव सौम्य असते, घास घेण्याआधीची घालमेल मात्र ज्याची त्याने निस्तरावी.

‘शाछा’ शेवयांसाठी शहर विशेष ओळखले जाते. शेंगदाणे, सुकी कोळंबी, लसूण, मिरची यांचा दाट रस्सा; त्यात तळलेला तोफू, माकूळ, काळीज असे जे हवे ते बोटाने दाखवायचे आणि वाडग्याची किंमत त्याप्रमाणे वाढत जाते. नावाची गंमत अशी की शाछामधला ‘छा’ म्हणजे चहा, आणि रश्श्यात चहाचा थेंबही नसतो. पदार्थाचे मूळ मलय ‘साते’. मिन्नान बोलीत चहाला ‘ते’ म्हणतात, म्हणून स्थानिकांनी साते लिहिताना चहाचे चिन्ह वापरले. बाहेरच्यांनी तेच चिन्ह प्रमाण चिनीत ‘छा’ असे वाचले. याच ‘ते’वरून, डच व्यापाऱ्यांच्या तोंडून, युरोपात ‘टी’ पोचला. मराठीतला ‘चहा’ मात्र ‘छा’च्या घराण्यातला. केचप या शब्दाचे मूळही बहुतेक अभ्यासक मिन्नान बोलीतल्या मासळीच्या खारवलेल्या रसाच्या नावात शोधतात.

चहाची दुकाने हा या बाजारातला सर्वांत संथ व्यवहार. जवळच्या आनशी भागातला ‘थ्ये-क्वान-यिन’ हा ऊलोंग चहा सात-आठ ग्रॅमच्या बंद पुड्यांत मिळतो. दुकानदार गिऱ्हाइकाला बसवतो, पहिले पाणी पानांवरून ओतून फेकून देतो, मग अंगठ्याएवढ्या पेल्यांत पुन्हा पुन्हा ओतत राहतो. चार-पाच पेले झाल्यावर न घेता उठणे अवघड जाते, आणि दुकानदाराला ते पक्के ठाऊक असते.

व्यवहाराच्या काही गोष्टी. पाटीवरचा भाव किलोचा नसून ‘चिन’चा असतो, एक चिन म्हणजे 500 ग्रॅम. भाजी-मासळीत घासाघीस फार चालत नाही, पण वरचे सुटे सोडायला किंवा कांद्याची पात फुकट टाकायला विक्रेते नाही म्हणत नाहीत. भाषा अडली तर एका हाताच्या खुणांनी दहापर्यंतचे आकडे सांगता येतात: अंगठा व करंगळी उघडी म्हणजे सहा, अंगठा व तर्जनी म्हणजे आठ. आठाला दोन समजून बसणारा परका रोज एखादा तरी भेटतो. पैसे बहुधा फळीवर टांगलेल्या क्यूआर कोडवर. मालकाला मिन्नानमध्ये ‘थाउ-के’ म्हटले की चेहरा खुलतो.

चांद्र महिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या दिवशी दुकानदार भूमिदेवतेला नैवेद्य दाखवतात, त्यामुळे त्या सुमारास फळे आणि उदबत्त्यांना उठाव असतो. आठव्या महिन्यातल्या शरद पौर्णिमेला तर सबंध शहर फाशांनी खुळखुळते. ‘पो-पिंग’ या खेळात वाडग्यात सहा फासे टाकून 63 बक्षिसे वाटायची असतात: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस अशी दुपटीची उतरंड. मूळ बक्षिसे केकची. हल्ली शाम्पू, तेल, टॉवेलही चालतात, आणि दुकाने त्यांचे संच बांधून विकतात.

कुलांगयू बेटावरचा लुंगथौ मार्ग आणि दक्षिण किनाऱ्यावरचे त्संगत्सो-आन हे जुने मच्छीमार गाव यांचीही नावे प्रवासपुस्तकांत असतात. कुलांगयूवर मोटारी नाहीत आणि 2017 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे, तेव्हा बेट पाहावेच. बाजार म्हणून मात्र दोन्ही ठिकाणी बहुतेक माल पाहुण्यांसाठीच मांडलेला. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर सकाळी लवकर आठवा बाजार गाठावा. 1 मे ते 16 ऑगस्ट या काळात इथल्या समुद्रात मासेमारीबंदी असते. तेव्हा टबांत मुख्यतः पाळलेली मासळी दिसते. बंदी 16 ऑगस्टला दुपारी 12 वाजता उठते.