कुत्र्याचे भुंकणे आणि साहेबाची घंटा

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत व वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. तेव्हा शरीरशास्त्रावर आम्ही बोलावे हे धाडसच. पण कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता एक वाक्य आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो: 'ह्याला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत.' हे मनाचे खेळ रक्तात कसे उतरतात, ते माणसाला कसे उमगत गेले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आरंभ मांजरापासून होतो. १८९६ च्या अखेरीस हार्वर्डच्या वैद्यकशाळेत वॉल्टर कॅनन हा विद्यार्थी नव्यानेच सापडलेल्या क्ष-किरणांनी जनावरांच्या पोटातील अन्नाची हालचाल पाहू लागला. मांजर चिडले वा घाबरले, की जठराची हालचाल एकदम थांबे. दुसरा कोणी असता तर त्याने मांजर बदलले असते! कॅननने त्या अडचणीचाच पिच्छा पुरविला. १९११ मध्ये त्याने भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर ठेवलेल्या मांजराचे रक्त घेतले. आतड्याच्या स्नायूची हलती पट्टी त्या रक्तात बुडविताच सैल पडली. त्याच मांजराच्या शांतपणीच्या रक्तात ती हलतच राही. हा प्रताप ॲड्रिनॅलिनचा. कुत्र्याने मांजराला शिवलेही नव्हते. कानात शिरलेला आवाज मज्जातंतूंनी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत नेला आणि ग्रंथींनी आपला स्राव रक्तात सोडला. हृदय धडधडते, रक्तातील साखर वाढते, पचन थांबते. झुंजावयाचे असो की पळावयाचे, तयारी एकच.

पुढे १९३६ मध्ये माँट्रिअल येथे हॅन्स सेल्येने 'नेचर' नियतकालिकात एक लहानसे पत्र छापले. उंदराला थंडी, जखम, अतिश्रम वा विष, काहीही द्या. अधिवृक्क ग्रंथी फुगतात, थायमस आक्रसते, जठरात व्रण पडतात. मेंदूतून पीयूष ग्रंथीला आणि तिच्याकडून अधिवृक्काला हुकूम सुटतो, ही साखळी नंतर उलगडली. सेल्येला सिगारेट-कारखानदारांकडून पैसा मिळत होता, हेही पुढे त्यांच्याच कागदपत्रांतून उघडकीस आले. धुराऐवजी ताणाला दोष गेला तर त्यांना हवेच होते. शोध खरा, पण धनी कोण हे आम्ही विचारतोच.

मांजराला पळता तरी येते. नोकरदाराने कोठे पळावे? लंडनच्या सुमारे १८ हजार पुरुष सरकारी नोकरांची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. हृदयविकार हा जबाबदारीने वाकलेल्या साहेबांचा रोग, असा तेव्हा समज. निघाले उलटे! निरोप्ये व दरवानांच्या श्रेणीत त्या रोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण वरिष्ठांच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब हिशेबात धरूनही बराच फरक उरला. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत स्त्रियाही होत्या. तिच्यावरील १९९७ च्या लेखात एक कारण पुढे आले: आपल्या कामावर आपला ताबा नसणे.

हे वाचले तेव्हा आम्हाला एका कारखान्यातील रात्रपाळीचा तक्ता आठवला. कोणाला बोलावणार ते त्याच संध्याकाळी फोनवरून कळे. तक्ता आठ दिवस आधी लावा, ह्या मागणीसाठी आम्ही दोन वर्षे भांडलो. पगारवाढ सोडून हे काय, असे आमचेच सोबती म्हणत. करार झाल्यावर एक मशीनवाला म्हणाला, "भाऊ, आता घरी फोन वाजला की छातीत धस्स होत नाही."