अमझेरा : माळव्यात आपण आलो ती वाट



धार-देवासकडच्या बहुतेक मराठी घरांत एक वाक्य ठरलेलं असतं, "आम्ही पवारांबरोबर आलो." पुढे कधी, कुठल्या वाटेनं असं विचारलं की पणजोबांच्या नावापाशी गाडी थांबते. ज्यांना ती वाट थोडी तरी पायाखाली घालायची असेल त्यांनी एकदा अमझेऱ्याला जावं. धारच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर, सरदारपूर तहसिलीत हे गाव आहे. गेल्या नोव्हेंबरात आम्ही दहा-बारा जण गेलो होतो. गाव दाखवायला तिथलेच एक निवृत्त शिक्षक आले. सगळे त्यांना मास्टरसाब म्हणतात.

सुरुवात त्यांनी अमका-झमका देवीपासून केली. गावाची श्रद्धा अशी की कुंडिनपूर ते हेच, आणि देवीच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला श्रीकृष्णानं इथूनच रथात घेतलं. आमच्यातल्या एका वहिनींचं माहेर अमरावतीचं. त्या लगेच म्हणाल्या, "अहो, रुक्मिणी आमची! वर्धेकाठचं कौंडिण्यपूर ते." मास्टरसाब हसून म्हणाले, "बहनजी, बेटी तो दोनों घर की होती है." यावर वहिनी काय बोलणार!

मग गावाबाहेर बांधाबांधानं चालत गेलो. सोयाबीन निघून गेलं होतं, गहू-हरभऱ्याची पेरणी झाली होती. एका ठिकाणी थांबून मास्टरसाबांनी काठीनं दक्षिण दाखवली. तिकडे विंध्याचा उतार, खाली निमाड आणि त्यात नर्मदा. दख्खनेतून येणाऱ्या फौजेला नर्मदा उतरून हा डोंगर चढावाच लागे, आणि चढायला घाट मोजकेच.

१७२८ साली माळव्याचा मोगल सुभेदार होता गिरधर बहादुर. त्याचा चुलतभाऊ दया बहादुर त्याच्याबरोबर होता. थोरले बाजीराव त्या वेळी वऱ्हाडाच्या बाजूनं बुंदेलखंडाकडे निघाले होते. इकडची फौज त्यांचे धाकटे बंधू चिमाजीआप्पा यांच्याकडे होती. आप्पांचं वय तेव्हा जेमतेम विशीचं. सोबत उदाजी पवार आणि मल्हारराव होळकर. मोगलांनी अमझेऱ्याचा घाट धरून ठेवला होता. मराठे तिकडे आलेच नाहीत. ते मांडूच्या घाटानं वर चढले आणि सुभेदाराच्या तळावर जाऊन पडले. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी दोघेही भाऊ रणात पडले. जुन्या लिखाणात दया बहादुर धारजवळ तिरल्याला पडल्याचं सांगितलेलं आढळतं, म्हणून काही घरांत 'तिरल्याची लढाई' असंही ऐकायला मिळतं.

या एका दिवसात माळवा मिळाला असं मात्र नाही. आप्पांनी नंतर उज्जैनला वेढा घातला, पण शहर हाती आलं नाही. बादशहाकडून माळव्याची रीतसर सनद मिळायला १७४१ साल उजाडलं. पण दार उघडलं ते इथं. पवार, होळकर, शिंदे यांच्यात महालांची वाटणी झाली. उदाजींचे बंधू आनंदराव पवारांच्या वंशाकडे धार आलं. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार भावांकडे देवास आलं, आणि त्याच्या थोरली पाती व धाकटी पाती झाल्या. एका गावात दोन राजे, दोन दरबार, हे १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत चाललं.

आता राज्य आलं की वसुली आली. वसुली आली की मोडी लिहिणारा, हिशेब राखणारा माणूस लागतो. कमाविसदार, फडणीस, चिटणीस, कारकून, आणि त्यांच्यामागून भिक्षुक, वैद्य, शिक्षक. आपली घरं बहुतेक यातलीच. तलवारी पुढे गेल्या, आपण दौत-लेखणी घेऊन मागून आलो.

परत येताना राठोड राजांच्या गढीपाशी पोचलो. तिथं शाळेची चार मुलं खेळत होती. मी त्यांना चिमाजीआप्पांचं नाव विचारलं. एकमेकांकडे बघत राहिली. मग मास्टरसाबांनी विचारलं, "राणा बख्तावरसिंह कौन थे?" चौघेही एकदम बोलायला लागली.

अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांनी १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांच्या माणसांनी भोपावरची इंग्रज एजन्सी लुटली. पुढे राजे पकडले गेले आणि १० फेब्रुवारी १८५८ रोजी त्यांना इंदूरला फाशी दिली. इथवर मुलांनी सांगितलं. पुढचं मास्टरसाब हळूच बोलले : अमझेरा खालसा करून इंग्रजांनी ते शिंद्यांना दिलं. म्हणजे राजा फासावर गेला आणि त्याचं राज्य एका मराठी संस्थानाच्या पदरात पडलं. खुद्द धारचं संस्थानही त्या धामधुमीत जप्त झालं होतं, ते १८६० मध्ये पवारांना परत मिळालं. अमझेऱ्याच्या राठोडांना मात्र त्यांचं राज्य परत मिळालं नाही.

आमच्यातले एक काका म्हणाले, "हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही." खरं आहे. लेले आणि ओक यांनी धार संस्थानाचा इतिहास मराठीत लिहून ठेवला, पण आपल्या घरांत ऐकवला जातो तो फक्त विजयाचा भाग. वहीत जमेची बाजू लिहायची आणि नावेची कोरी ठेवायची, असा हिशेब आयुष्यभर बँकेत बसलेल्या माणसाला तरी चालत नाही. आपण तीनशे वर्षं या मातीचं अन्न खातो. इथल्या लोकांनी काय गमावलं हेही आपल्या नातवंडांना माहीत असावं. त्यानं चिमाजीआप्पांचा पराक्रम तिळमात्र कमी होत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. या नोव्हेंबरात मुलासुनांना, नातवंडांना घेऊन अमझेऱ्याला जाऊन या. एक दिवस पुरतो. त्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाजवळ बसा आणि मूळ गाव कोणतं, इथं पहिला कोण आला, कुणाच्या पदरी होता, हे लिहून घ्या. मोडी कागद असतील तर रद्दीत घालू नका. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. ज्यांच्याकडे अशी काही माहिती असेल त्यांनी इथं खाली जरूर लिहावी. मी एक वही घातली आहे, त्यात उतरवून ठेवीन.