मानशीमागची गांवकारी

मानशीच्या दाराला राखणदार लागत नाही. खाडीच्या बांधात जांभ्या दगडांची चौकट बांधलेली असते आणि तिच्यात लाकडी झडपा नदीच्या बाजूला उघडतील अशा टांगलेल्या असतात. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने झडप चौकटीला चिकटते आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटीला नदी उतरली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून निघून जातं. भरती-ओहोटी रोज दोनदा होते आणि तेवढ्यानेच हे दार चालतं. गोव्यात, मुख्यतः मांडवी-झुआरीच्या काठी, सुमारे १८ हजार हेक्टर खाजण जमीन आहे. तिचा बराचसा भाग भरतीच्या पातळीखाली असूनही तिथे भात पिकत आलं ते या दाराच्या आणि मातीच्या बांधाच्या जिवावर.

दाराची करामत सगळे सांगतात, मलाही तिचं अप्रूप आहे. पण झडप कुजली तर ती बदलायची कोणी, आणि आषाढातल्या उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली तर कुदळ घेऊन धावायचं कोणी? खाजणाची खरी कुळकथा या प्रश्नांच्या उत्तरात आहे.

ती बरीच मागे जाते. कोकणातल्या मौर्य घराण्यातला राजा अनिर्जितवर्मा याचा बांदोडे इथला ताम्रपट साधारण पाचव्या-सहाव्या शतकातला मानतात. त्यात दान दिलेली जमीन झाडी तोडून लागवडीला आणायची आणि समुद्राकाठच्या खारजमिनीला बांध घालून भातशेत करायचं, असा उल्लेख येतो. म्हणजे खारबंदिस्तीचं तंत्र तोवर राजाच्या दानपत्रात नोंदण्याइतकं रुळलेलं होतं.

ते सांभाळणारी संस्था म्हणजे गांवकारी. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला तेव्हा तिसवाडीच्या बेटावर ही व्यवस्था घट्ट बसलेली होती. जमीन कुणा एकाची नव्हती, गावाची होती. मूळ वसाहत करणाऱ्यांचे वंशज ते गांवकार. ते एकत्र बसून निर्णय घेत आणि कुलकर्णी ते लिहून ठेवी. नव्या राज्यकर्त्यांना सारा हवा होता आणि सारा हवा तर आधी शेत बुडता कामा नये, एवढं त्यांना कळत होतं. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या महसूल अधिकाऱ्याने गांवकारांच्या चालीरीती लिहून काढल्या. तो दस्तऐवज ‘फोराल’ या नावाने ओळखला जातो. पोर्तुगीज अमदानीत गांवकारीचं नाव ‘कोमुनिदाद’ झालं. सरकारी देखरेखीचा काच वाढत गेला, पण बांधाचं काम तिच्याकडेच राहिलं.

पैशाचं गणित असं होतं. शेतांची लिलावाने, गोव्याच्या भाषेत पावणीने, ठरावीक मुदतीसाठी मक्त्यावर वाटणी व्हायची. त्या उत्पन्नातून आधी सारा, देवळाचा आणि पुढे चर्चचा खर्च, आणि बांध-मानशींची डागडुजी. उरेल ते गांवकारांना ‘जोण’ म्हणून मिळे. बांध फुटला की त्या वर्षीची जोण घटायची, म्हणून बांधावर नजर ठेवण्यात प्रत्येक गांवकाराचा स्वार्थ होता. व्यवस्था टिकली ती या स्वार्थामुळे. गावकऱ्यांच्या थोर निसर्गप्रेमाच्या गोष्टी नंतर रचल्या गेल्या असं मला वाटतं. शिवाय चिखलात कमरेएवढं उतरून बांध घालणारे हात बहुधा जोण घेणाऱ्यांचे नसत. बायकांना तर त्या बैठकीत जागाच नव्हती.

खाजणात एकाच जमिनीवर दोन पिकं असतात आणि ती एकमेकांच्या मुळावर उठू शकतात. पावसाळ्यात भात: पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो आणि कोरगुटसारखी खारं सोसणारी जात तग धरते. कापणी झाली की मानशीतून खाडीचं पाणी आत घेतात आणि त्याबरोबर शेवटे, चोणक, सुंगटं येतात. पुनव-अवसेच्या उधाणानंतर ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं बांधलं की मासळी आयती सापडते. या मासेमारीच्या हक्काचीही पावणी होई. मासेमाराला वाटतं पाणी जास्त दिवस आत असावं, भातवाल्याला वाटतं वेळेत बाहेर जावं. गांवकारीत भाताचं आणि माशांचं उत्पन्न एकाच तिजोरीत पडत होतं, म्हणून हा तंटा एका बैठकीत मिटवता येई.

विसाव्या शतकात ती तिजोरी फुटली. १९६१ च्या एप्रिलमध्ये पोर्तुगीजांनी कोमुनिदादींची नवी संहिता काढली आणि त्याच डिसेंबरात त्यांचं राज्य संपलं. पुढे १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळांना मालकीची वाट मोकळी झाली. हे व्हायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बांधाची जबाबदारी १९७५ च्या नियमांनी कूळ संघटनांवर टाकली गेली. पण शेत ज्याच्या त्याच्या नावावर आणि बांध मात्र सगळ्यांचा, ही जोडी अवघड ठरली. तशात कोळंबीला भाव चढला. मानशीचा मक्ता भातापेक्षा जास्त पैसे देऊ लागला तेव्हा पाणी आत राखण्याचा मोह वाढला. काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारीही झाल्या. एकदा खारं पाणी साचलं की मातीतलं मीठ एका पावसात जात नाही. शेजारच्याचं भातही बुडतं आणि मग तोही शेती सोडतो.

उत्तरेला रायगडात अशाच मानशीला उघाडी म्हणतात. जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री पद्धत होती: बांध घालणाऱ्याने तो राखायचा आणि त्या बदल्यात पिकाचा वाटा घ्यायचा. तिथे १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्यापासून सरकार या कामात उतरलं. खारभूमीच्या बांधाला खांडी पडल्याच्या बातम्या तिकडून आजही येतात.

२०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांसाठी स्वतंत्र तरतूद आहे: त्यांचे नकाशे करायचे, व्यवस्थापन आराखडा करायचा, तिथे बांधकामं होऊ द्यायची नाहीत. कांदळवनालाही संरक्षण आहे आणि ते योग्यच, कारण बांधाबाहेरची कांदळं लाटांचा मार झेलतात. पण पडीक खाजणात खारं पाणी खेळू लागलं की तीच कांदळं बांधाच्या आत रुजतात. मग कुणी पुन्हा भात लावायचं मनावर घेतलंच, तर त्याला खांड बुजवण्याआधी स्वतःच्या शेतातली झाडं तोडायची परवानगी मागत फिरावं लागतं.