मोबाईलवरचे टेनिस आणि भिंतीवरचा सराव

उघड्यावरची टेनिस कोर्टे गोव्यात जूनच्या आरंभी ओली होतात, ती सप्टेंबर सरेपर्यंत पुरती वाळत नाहीत. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस बहुतांशी याच चार महिन्यांत कोसळतो. रॅकेट कपाटात जाते आणि खेळाडू, त्यातही शाळकरी खेळाडू, मोबाईलवरच्या टेनिसकडे वळतो. पालकांना मग दोन शंका छळतात. बोटांच्या या खेळातून टेनिसचे काही पदरात पडते काय? आणि घराच्या चार भिंतींत खरा सराव कितपत होऊ शकतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘थोडेसे’ असे आहे. दुसऱ्याचे मात्र ‘समजतो त्याहून पुष्कळ’ असे.

पडद्यावरचे टेनिस मोबाईलपेक्षा फार जुने आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये पाहुण्यांसाठी प्रदर्शन भरले होते. नुसती यंत्रे पाहून लोक कंटाळतात, हे जाणून विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने ‘टेनिस फॉर टू’ हा खेळ तयार केला. ऑसिलोस्कोपच्या जेमतेम पाच इंची गोल पडद्यावर बाजूने दिसणारे कोर्ट, मध्ये छोटेसे जाळे आणि उसळणारा प्रकाशाचा ठिपका, एवढाच त्याचा संसार. एक बटण दाबले की चेंडू टोलवला जाई, एक खुंटी फिरवली की त्याचा कोन बदले. पुढच्या वर्षी पडदा मोठा झाला आणि चंद्रावरच्या किंवा गुरू ग्रहावरच्या गुरुत्वाकर्षणात टेनिस कसे होईल, तेही पाहण्याची सोय झाली. हिगिनबॉथम यांनी पूर्वी अणुबॉम्ब प्रकल्पात काम केले होते. या खेळाचे पेटंट घेण्याचे त्यांच्या मनातही आले नाही. १९७२ मध्ये आलेल्या अटारी कंपनीच्या ‘पाँग’ने व्हिडिओ गेमचा व्यवसाय उभा केला, पण ते वस्तुतः टेबल टेनिस होते.

या वंशावळीत आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक ठरते ते २००६ मधील निन्टेन्डो कंपनीचे ‘वी स्पोर्ट्‌स’. त्यात हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवला की पडद्यावरचा खेळाडू फटका मारी. व्यायाम आणि करमणूक एकत्र आली, अशी जाहिरातबाजी तेव्हा पुष्कळ झाली. लिव्हरपूलच्या संशोधकांनी १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींवर केलेली एक छोटी पाहणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००७ साली प्रसिद्ध झाली. बसून खेळायच्या व्हिडिओ गेमपेक्षा या टेनिसमध्ये ऊर्जा अधिक खर्च होते, हे तिच्यात दिसले. पण प्रत्यक्ष मैदानी खेळाच्या तुलनेत ती कमीच भरली आणि मुलांच्या रोजच्या व्यायामाची गरज भागवण्याइतकी नव्हती. त्याच वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २९ वर्षीय निवासी डॉक्टरची हकिकत छापून आली. हे टेनिस कित्येक तास खेळल्यावर सकाळी उजवा खांदा कमालीचा दुखू लागला होता. प्रत्यक्ष कोर्टावर शरीर दमते आणि माणूस आपोआप थांबतो. घरी तसा थांबवणारा कोणी नसतो. हातातून निसटलेल्या रिमोटने टीव्ही फुटू लागल्यावर कंपनीने सुमारे ३२ लाख मनगटी पट्टे बदलून देण्याची घोषणा केली, हाही त्या काळचाच इतिहास.

मोबाईलने ही सारी हालचाल एका बोटावर आणली. २०१९ मध्ये आलेला, ब्राझीलच्या वाइल्डलाइफ स्टुडिओजचा ‘टेनिस क्लॅश’ हा या जातीचा नमुनेदार खेळ होय. पडद्यावर टेकवले की खेळाडू तेथे धावतो, बोट सरकवले की फटका जातो. बोट कोणत्या दिशेला, किती लांब आणि किती वेगाने सरकले, यावर चेंडूची दिशा आणि ताकद ठरते. सामना काही मिनिटांत संपतो. पंधरा सेंटिमीटरच्या पडद्यावर २३.७७ मीटर लांबीचे कोर्ट मावलेले असते, म्हणजे साधारण दीडशेपट लहान झालेले.

अशा खेळातून शिकता येते ती कोर्टाची भूमिती. प्रतिस्पर्ध्याला एका कोपऱ्यात खेचून दुसरा कोपरा मोकळा करणे, मध्यभागी परत येणे, पुढे आलेल्याच्या डोक्यावरून चेंडू घालणे, हे डावपेच दहा वर्षांच्या मुलाला पडद्यावर लवकर उमगतात. पण या भूमितीमागचे कारण मोबाईल सांगत नाही. तिरकस फटका सुरक्षित का? जाळे मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर आणि खांबांपाशी १०७ सेंटिमीटर उंच असते; शिवाय एकेरीच्या कोर्टाचा कर्ण सुमारे २५.१५ मीटर, म्हणजे सरळ रेषेपेक्षा जवळजवळ १.४ मीटर लांब. तिरका चेंडू खालच्या जाळ्यावरून जातो आणि त्याला पडायला जागाही अधिक मिळते. एवढे दोन आकडे मुलाला कागदावर काढून दाखवले, तर महिनाभराच्या गेमपेक्षा जास्त काही हाती लागेल.

मोबाईलला मुळीच जमत नाही ते समोरच्याचे शरीर वाचणे. चेंडूला रॅकेट लागण्याच्या आधीच चित्रफीत तोडून ‘सर्व्हिस कोठे पडेल?’ असे विचारणारा प्रयोग जोन्स आणि माइल्स यांनी १९७८ मध्ये केला होता. तेव्हा मुरलेले खेळाडू नवशिक्यांपेक्षा सरस ठरले. खांदा, उसळी, रॅकेटचा कोन यांतून त्यांना आधीच सुगावा लागत होता. पडद्यावरचा बाहुला हे बारकावे दाखवत नाही. त्यामुळे मोबाईलवर तरबेज झालेल्या हाताचा वेग कोर्टावर कामी येत नाही, कारण तेथे गरज हाताआधी डोळ्यांची आणि पायांची असते.

२०२० च्या टाळेबंदीत टेनिसचे हे दोन्ही पर्याय जगभर एकाच वेळी कसोटीला लागले. एप्रिलच्या आरंभी रॉजर फेडररने घराच्या भिंतीवर जलद व्हॉली मारतानाची चित्रफीत टाकून इतरांना आव्हान दिले. त्याच महिन्याच्या अखेरीस माद्रिद स्पर्धा व्हिडिओ गेमवर भरवली गेली. तीत खरेखुरे व्यावसायिक खेळाडू घरी बसून खेळले. पुरुषांत अँडी मरे आणि महिलांत किकी बर्टेन्स जिंकले. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर दोन मुली समोरासमोरच्या इमारतींच्या गच्चीवरून एकमेकींशी टेनिस खेळल्या, तेही सर्वांनी पाहिले. त्या गच्च्यांच्या आठवणीपुढे माद्रिदच्या त्या स्पर्धेचा विजेता आज किती जणांच्या लक्षात असेल, हा प्रश्नच आहे.

भिंत : फार जवळचा प्रतिस्पर्धी

घरच्या सरावात भिंतीला तोड नाही. ब्यॉन बोर्ग लहानपणी गॅरेजच्या दारावर तासन्‌तास चेंडू मारत असे, ही गोष्ट टेनिसविश्वात सर्वश्रुत आहे. भिंतीशी खेळताना नवशिके एक चूक हमखास करतात: नेहमीचा पिवळा चेंडू घेऊन जोरात मारतात, तो अंगावर येतो आणि फटका घाईत बिघडतो. याचे गणित सोपे आहे. पूर्ण कोर्टावर एका बेसलाइनवरून गेलेला चेंडू परत येईपर्यंत सुमारे साडेसत्तेचाळीस मीटर कापतो. भिंतीपासून सहा मीटरवर उभे राहिल्यास तो बारा मीटरमध्येच परततो, म्हणजे वेळ साधारण पावपट मिळतो. भिंत हा जाळ्याला नाक लावून उभा असलेला, कधीही न चुकणारा प्रतिस्पर्धी आहे, असे समजावे.

यावर उपाय चेंडू बदलण्याचा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने लहानांसाठी तीन संथ चेंडू ठरवून दिले आहेत: लाल सर्वांत संथ, नेहमीच्या चेंडूपेक्षा साधारण ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के, आणि हिरवा ठिपका असलेला २५ टक्के. २०१२ पासून दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू चालत नाही. लाल चेंडू भिंतीसाठी मोठ्यांनीही वापरावा, त्यात कमीपणा नाही. तो न मिळाल्यास जुना, मऊ पडलेला चेंडू घ्यावा आणि दोन टप्प्यांनंतर मारावा. क्रिकेटसाठी विकला जाणारा ‘हेवी’ टेनिस बॉल मात्र रॅकेटने कधीच मारू नये. टेनिसचा नियमित चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. त्याहून जड चेंडूचा हिसका थेट कोपराच्या बाहेरील बाजूवर बसतो. पावसात भिजून फुगलेल्या चेंडूलाही हेच लागू.

भिंतीवर जमिनीपासून ९१ सेंटिमीटरवर खडूने जाळ्याची रेघ ओढावी आणि तिच्या वर हातभर उंचीवर दुसरी. चेंडू या दोन रेघांच्या मध्ये लागला पाहिजे. ताकद मोजू नये, सलग फटके मोजावेत: आज दहा, पुढच्या आठवड्यात वीस. प्रत्येक फटक्यानंतर पाय हलले पाहिजेत. एका जागी रुतून मारलेले शंभर फटके सवय बिघडवतात. भिंत फिरकीबाबत फसवते, हेही ध्यानात असावे. टॉपस्पिनचा चेंडू भिंतीशी घासून वर उसळतो, स्लाइस केलेला खाली बसतो. कोर्टावर प्रतिस्पर्ध्याकडून येणाऱ्या चेंडूशी या वागण्याचा संबंध जोडू नये.

गोव्यातील घरांची एक अडचण वेगळीच. कुंपणाची भिंत बहुधा उघड्या चिऱ्यांची असते आणि चिऱ्याच्या छिद्राळ, खडबडीत अंगावर चेंडू कोठेही उडतो. शिवाय त्याची लोकर झपाट्याने झिजते. गिलावा केलेला दीड-दोन मीटर रुंदीचा तुकडा पुरेसा असतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात मात्र खेळू नये. पाय घसरून घोटा मुरगळण्यापेक्षा सराव बुडालेला बरा. गाडी बाहेर काढलेला पोर्च किंवा इमारतीखालची वाहनतळाची जागा हा कोरडा पर्याय आहे. तेथे शेजाऱ्यांची संमती आणि दुपारच्या वामकुक्षीची वेळ या दोन्ही गोष्टी पाळणे ओघानेच आले.

भिंतही नसेल तर

सदनिकेत पूर्ण सर्व्हिस करण्याचा मोह आवरावा. मध्यम उंचीच्या प्रौढ व्यक्तीचा वर ताणलेला हात आणि २७ इंची रॅकेट मिळून नऊ फुटांच्या आसपास पोहोचतात. पंखा त्याच्याही खाली लटकत असतो. पण सर्व्हिसचा अर्धा भाग, म्हणजे चेंडू वर सोडणे, रॅकेटविना शिकता येतो. जेथे छत उंच आहे तेथे, किंवा पाऊस उघडल्यावर गच्चीवर, पुढच्या पावलाच्या किंचित पुढे रॅकेट जमिनीवर ठेवावी, चेंडू सोडावा आणि पडू द्यावा. तो तारांवर पडला तर फेक बरोबर. दहापैकी सहा वेळा असे जमू लागले, की कोर्टावरच्या दुहेरी चुका आपसूक कमी होतात. हा सराव दिसायला अत्यंत नीरस आहे, म्हणूनच फारसे कोणी करत नाही.

दुसरा सराव टीव्हीसमोरचा. सामना पाहताना पडद्याच्या अलीकडच्या खेळाडूच्या जागी स्वतःला कल्पावे आणि समोरचा फटका मारत असतानाच दोन्ही पायांवर छोटी उडी घेऊन तयार व्हावे. प्रशिक्षक ज्याला स्प्लिट स्टेप म्हणतात ती हीच. एका गेमपुरते केले तरी पोटऱ्या बोलू लागतात. वर म्हटलेले शरीरवाचनही येथेच साधते, कारण येथे दिसतो तो बाहुला नव्हे, हाडामासाचा माणूस.

मोबाईलच्या खेळातील पैशांबाबत थोडे. हे खेळ फुकट उतरवता येतात, पण खेळाडूची ताकद वाढवणारी पत्ते-पिशव्यांची रचना पैसे खर्च करण्याकडे ढकलते. चांगला खेळूनही हरणारे मूल ‘थोडी रत्ने घेऊ का?’ असे विचारते ते त्यामुळे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले. खेळाच्या आतील अशी खरेदी हा त्याहून निराळा विषय आहे. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड सक्तीचा करता येतो, आयफोनवर स्क्रीन टाइममधून अ‍ॅपमधील खरेदी पूर्ण बंद ठेवता येते. फोन मुलाच्या हाती देण्यापूर्वी हे दोन मिनिटांचे काम उरकून घ्यावे.

पाऊस संपून कोर्ट उघडले की पहिला आठवडा जपून खेळावे. भिंतीने मनगट आणि डोळा तयार ठेवलेला असतो, पण डोक्यावरून रॅकेट फिरवण्याची खांद्याची सवय चार महिन्यांत मोडलेली असते. पहिल्या दिवशी निम्म्या जोरात वीस-पंचवीस सर्व्हिस पुरेत आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखत नसेल तरच संख्या वाढवावी.