लालबागचा मधला माणूस

ऋण काढून सण साजरा करू नये, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे सांगत आली. परंतु ते ऋण कोणाच्या शब्दावर मिळते आणि त्या शब्दाची किंमत कोण मोजतो, याचा विचार सणासुदीला सहसा होत नाही. लालबाग-परळच्या इतिहासात गिरणीमालक आले, पुढारी आले, शाहीर आले. परंतु कर्ज घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये उभा राहणारा मधला माणूस कोपऱ्यातच राहिला. पोटाचा मुख्य धंदा एक आणि फावल्या वेळी कर्ज जुळवून देण्याचा दुसरा, असा हा मनुष्य. आज गृहकर्जाचे कागद काखोटीला मारून हिंडणारा अर्धवेळ एजंट आपल्याला नवा वाटतो. त्याचा वंश मात्र बराच जुना आहे.

कावसजी दावर यांनी 1854 साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि 1856 साली ताडदेवला त्यांची गिरणी चालू झाली. पुढे लालबाग, परळ, शिवडी, भायखळा हा सारा मुलूख धुराड्यांनी भरून गेला. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. आलेल्या माणसाला काम मिळाले तरी हातात पैसा लगेच पडत नसे. पगार महिन्याचा, आणि तोही पुढल्या महिन्याच्या मध्याला वाटला जाई. म्हणजे नव्या कामगाराला पहिला पगार दिसेपर्यंत सहा आठवडे लोटत. तोवर खानावळ उधारीवर, वाण्याचे धान्य उधारीवर. बिचाऱ्याच्या संसाराचा श्रीगणेशाच कर्जाने होई.

या कर्जाला तारण काय? गावाकडे जमीन असे. नजरगहाण म्हणजे जमीन आपल्या ताब्यात ठेवून कर्जाला बांधून देणे, आणि ताबेगहाण म्हणजे ती सावकाराच्या ताब्यात देणे, हे दोन्ही शब्द शेतकऱ्याला चांगले ठाऊक होते. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. कागद जाळणे हाच त्या दंग्याचा हेतू. परंतु लालबागच्या चाळीत गहाण टाकावे असे काय होते? खोली भाड्याची, तीही पाचसात गावकऱ्यांत वाटलेली. बायकोचे डोरले नि तांब्यापितळेची भांडी एकदा गेली की संपले. म्हणून गिरणगावात वस्तूपेक्षा माणूसच तारण ठरला. ज्याचा शब्द पठाण मानील आणि वाणीही मानील, असा जामीन हवा असे.

तो जामीन म्हणजे गिरणीतला जॉबर. बायकांच्या खात्यात नायकीण. कामावर घेणे, बदली देणे, काढून टाकणे हे त्याच्या हाती. सबब कामगार कर्ज बुडवून जाणार कोठे? जॉबर कधी स्वतःचे पैसे व्याजाने लावी, कधी दुसऱ्याकडून मिळवून देई. कामाबद्दलची दस्तुरी वेगळीच. दिवसा खात्याचा मुकादम आणि संध्याकाळी कर्जाचा मध्यस्थ, अशी ही दुहेरी चाकरी होती.

1929 साली नेमलेल्या व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात लिहिले, की बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. व्याजाचा नेहमीचा एक दर म्हणजे रुपयामागे महिना एक आणा. शंभर रुपयांवर महिन्याला सव्वासहा रुपये, वर्षाला पंचाहत्तर! मुद्दल जागच्या जागी राही.

तथापि जॉबराचा अंमल ढिला करणारी पावले पुढे पडली. 1935 साली बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली. 1936 च्या कायद्याने पगार देण्याची मुदत ठरली. 1946 च्या मुंबई सावकारी कायद्याने परवाने आणि व्याजाचे निर्बंध आणले. कामगारांच्या पतपेढ्यांनीही पुष्कळांना हात दिला.

मध्यस्थ म्हणजे लुबाडणारा, असेही नव्हे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया सावकाराच्या कचाट्यात होत्या. 1969 साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, परंतु निरक्षर बाईला बँकेची पायरी चढवणार कोण? गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि पुढे कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. मध्यस्थी तीच, पण येथे कमिशन नव्हते, आणि बाया एकमेकींना जामीन राहत.

घरासाठी कर्ज ही कल्पना मात्र उशिरा आली. हसमुखभाई पारेख यांनी 1977 साली, आयसीआयसीआयमधील कारकीर्द संपवून वयाच्या सहासष्टाव्या वर्षी एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी संस्था स्थापली. ज्या वयात लोक नातवंडे खेळवतात त्या वयात हा गृहस्थ नव्या धंद्याला लागला!

पाचच वर्षांत, 18 जानेवारी 1982 रोजी, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुष्कळांना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडला नाही. चाळिशी-पन्नाशीच्या कसबी विणकऱ्याने भाजीची गाडी लावली, कोणी पहारेकरी झाला, कोणी मिळेल तो जोडधंदा धरला. हौसेने धंदा बदलणे वेगळे आणि पायाखालची फळी निघाल्यावर उडी मारणे वेगळे.

गंमत अशी, की गिरण्या गेल्यावर लालबागला गहाण टाकण्याजोगे घर मिळू लागले. 2012 साली म्हाडाने गिरणी कामगारांसाठी 6,925 घरांची सोडत काढली. जुन्या चाळींचा पुनर्विकास होऊन भाडेकरू मालक होऊ लागले. मालकी आली, मागोमाग गहाणखत आले, आणि त्यामागून अर्धवेळ एजंट आला. तो बहुधा आपल्यातलाच असतो: नोकरीत अडकलेला, मुलांच्या शिक्षणाच्या विवंचनेत, संध्याकाळी चार घरे फिरून दोन पैसे जोडणारा. त्याला नावे ठेवू नयेत. बँकेची भाषा तो आपल्या भाषेत सांगतो, राहिलेला दाखला आठवणीने मागतो, ही सेवाच होय.

परंतु एक भेद ध्यानी ठेवावा. जॉबराला कर्जदार पैसे देई. या एजंटाला बँक देते, आणि तेही कर्जाच्या रकमेच्या प्रमाणात. कर्ज मोठे तर कमिशन मोठे. वीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतले, तर साडेआठ टक्क्यांच्या मानाने एकूण सुमारे दीड लाख रुपये अधिक भरावे लागतात. अर्ध्या टक्क्याची ही गोष्ट! म्हणून चहा पाजताना त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: तुम्ही किती बँकांचे काम करता, आणि तुम्हाला पैसे कोण देते? सरळ माणूस सरळ उत्तर देईल.

जॉबराला हे विचारण्याची सोय गिरणी कामगाराला नव्हती. विचारले तर उद्याची बदली जाई. शंभर वर्षांत लालबागने जे कमावले त्यात ही प्रश्न विचारण्याची मोकळीकही आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच. पण अंथरुणाचे माप आपले आपण घ्यावे.