राणीचा आचारी आणि गरिबाचे पीठ

‘टोड इन द होल’ या इंग्रजी पदार्थाच्या नावाचा अर्थ बिळातला बेडूक. पदार्थात मात्र बेडूक नसतो. अंडी, दूध व मैद्याचे सरसरीत पीठ भट्टीत फुगते आणि त्यातून मांसाचे तुकडे डोकावतात, एवढेच.

आज त्यात सॉसेज घालतात. पूर्वी तसे बंधन नव्हते. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाकपुस्तकात अशाच पिठात भाजलेली कबुतरे आहेत.

खरा बोलका पुरावा १८५२ चा. व्हिक्टोरिया राणीचा एकेकाळचा मुख्य आचारी चार्ल्स फ्रँकाटेली याने श्रमिकांसाठी पाकपुस्तक लिहिले. तो सांगतो: सहा पेनी किंवा शिलिंगभर किमतीचे मांसाचे तुकडे रात्री, दिवसाची विक्री संपल्यावर घ्यावेत, तेव्हा ते स्वस्त मिळतात, आणि नासलेला भाग आधी कापून टाकावा. राजवाड्यात रांधलेल्या माणसाची ही सूचना त्या काळच्या बाजाराविषयी पुष्कळ काही सांगून जाते. मांस चवीपुरते, पोट भरायचे ते पिठाने.

परंतु हे स्वस्त जेवणही भट्टीवाचून होत नसे. अनेक श्रमिकांच्या घरी भट्टी नव्हती. भाजायचे भांडे पैसे देऊन पाववाल्याकडे न्यावे लागे. काटकसर शिकवणारे इंधनाचा हिशेब सहसा विसरतात.

तो हिशेब मराठवाड्यातील चुलीने अचूक मांडला. परभणी जिल्ह्यातील पोखर्णीचा परिसर ज्वारी, कापूस, तूर आणि हरभऱ्याचा. मूठभर मेथी किंवा कांद्याची पात असली, की फोडणीत परतून वर बेसन पेरायचे, म्हणजे भाजी घरभर पुरते. भाजीच नसेल तर पिठले. पाहुणा आला तर त्यात आणखी तांब्याभर पाणी. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर हे पाव तासात होते. अंडी-दुधाचे पीठ वाफेने फुगते, बेसन पाणी शोषून दाटते. युक्ती मात्र एकच. येथे ती शिकवायला राजाचा आचारी लागला नाही.

सत्तेचे लक्ष तिकडे गेले ते १९९५ मध्ये. राज्य शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली. काही वर्षांतच योजना बंद पडली; पाट्या मात्र राहिल्या आणि त्यांच्याखाली वडापाव विकला जाऊ लागला.