रुजणारे बी आणि देवाचे मूक सामर्थ्य

सामान्य काळातील अकरावा रविवार (वर्ष ब)
पहिले वाचन : यहेज्केल १७:२२-२४, प्रतिसाद स्तोत्र : ९२, दुसरे वाचन : २ करिंथ ५:६-१०, शुभवर्तमान : मार्क ४:२६-३४

ही वाचने उपासनेत येतात ती जूनच्या मध्यास. २०२४ साली हा रविवार १६ जून रोजी आला. कोकणपट्टीत तेव्हा भाताची पेरणी चालू असते, म्हणून आजचा दाखला आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्या वाचनामागे मोठी शोकांतिका आहे. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमचा तरुण राजा यहोयाखीन याला बंदिवान करून नेले. यहेज्केल संदेष्टाही त्या हद्दपारीत होता. दाविदाचे घराणे संपले, असेच सर्वांना वाटत होते. अशा वेळी परमेश्वर म्हणतो की, गंधसरूच्या शेंड्यावरील एक कोवळी डहाळी मी स्वतः खुडीन आणि उंच पर्वतावर लावीन. सैन्य नाही, तह नाही. केवळ एक डहाळी!

शुभवर्तमानातील आपोआप वाढणाऱ्या बीचा दाखला फक्त संत मार्कने नोंदविला आहे. शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो. बी कसे वाढते हे त्याला उमगत नाही. येथे ‘आपोआप’ या अर्थाचा जो ग्रीक शब्द आहे, तोच ‘प्रेषितांची कृत्ये’ १२:१० मध्ये भेटतो. तेथे तुरुंगातून सुटणाऱ्या पेत्रासमोर लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. दोन्ही ठिकाणी माणसाचा हात लागलेला नाही.

मात्र हा दाखला आळसाचे समर्थन करीत नाही. पेरणी शेतकऱ्यालाच करावी लागते आणि पीक तयार होताच विळाही त्यालाच घालावा लागतो. मधला काळ तेवढा त्याच्या हाती नसतो. आम्हांला हाच काळ जड जातो. वर्षानुवर्षे मुलांना धर्मशिक्षण द्यावे आणि दृढीकरण संस्कारानंतर त्यांनी चर्चची पायरीही चढू नये, हे दुःख अनेक आईवडिलांचे आणि शिक्षकांचे आहे. आपलेच काही चुकले, असे म्हणत ते स्वतःला कोसत राहतात. (माती उकरून कोंब पाहण्याचा मोह आम्हांलाही होतो, हे कबूल केले पाहिजे.) संत पौल दुसऱ्या वाचनात डोळ्यांना दिसते त्यावर नव्हे, तर विश्वासावर चालण्याविषयी बोलतो, ते अशांना धीर देणारे आहे. स्तोत्रकर्ता तर नीतिमान म्हातारपणीही फळ देतो असे सांगतो. तेव्हा उशीर झाला, असे आपण कोणत्या वयात ठरवावे?

मोहरीच्या दाखल्यात मत्तय आणि लूक झाडाचा उल्लेख करतात. मार्क मात्र तिला झुडपांत सर्वांत मोठी एवढेच म्हणतो. गंधसरूप्रमाणे तिच्याही सावलीत पाखरे येतात.

शिष्यांना प्रभू येशू एकान्तात सर्व काही उलगडून सांगत असे, असे मार्क शेवटी लिहितो. या दोन दाखल्यांचा उलगडा मात्र त्याने कोठेही लिहून ठेवलेला नाही.